चकती फुटली का?

३ सप्टेंबर

माझ्या नातीच्या रायफलीवर दुर्बीण बसली हे मला चपला गुंडाळलेल्या कागदावरून कळावं? तुझ्या आईनं दुरुस्तीला टाकलेल्या चपला आणल्या, वर्तमानपत्राचा तो कागद उलगडला, तर आत तू. पोटावर झोपलेली, गाल लाकडाला टेकवलेला, आणि रायफलीच्या पाठीवर हे एवढं नळकांडं. तुझी आई म्हणाली, "किती छान आलाय हो फोटो!" तिला तुझी वेणी दिसली. मी शोधत होते नेम धरायची माशी. नळीच्या टोकाची माशी नाही, मागचं छिद्र नाही. आजोबांनी लेथवर स्वतः घडवलेलं ते छिद्र काढून ठेवलंस आणि घरी चार ओळी लिहायला तुझी बोटं झिजली.

बरं, आशीर्वाद. आम्ही ठीक. माझ्या कानांनी आता साफ हात टेकलेत, म्हणून फोन करू नकोस. तुझी आई मधे बसते आणि निम्मं गिळून उरलेलं मला सांगते. लिही.

आता ऐक. मी चौथी शिकले, पण सव्वीस वर्षं रेंजच्या खड्ड्यात काढली. तुम्ही तिकडे आठशे मीटरवर चटईवर लोळता, आम्ही इकडे टार्गेटांच्या पायाशी, मातीच्या बांधाआड. गोळी डोक्यावरून जाते. आम्ही टार्गेट खाली ओढतो, भोक शोधतो, तुम्हाला लांबून दिसावं म्हणून त्यात चकती खोचतो, आधीच्या भोकाला खळ लावून ठिगळ मारतो आणि टार्गेट पुन्हा वर. माणसांची तोंडं मी कधी बघितली नाहीत. भोकं बघितली. कोण घाईचा, कोण घरून भांडून आलाय, कोण शेवटच्या गोळीला आपल्याच कौतुकात हरवतो, सगळं कागदावर येतं.

लोखंडात, म्हणजे माशी-छिद्रात, काय दिसतं? मागच्या छिद्रातून पुढच्या माशीचं कडं, कड्यात टार्गेटाचं ते काळं वर्तुळ, भोवती पांढरी पट्टी सारखी. काळं धूसर दिसतं, दिसू दे. पण कड्याबाहेर सगळी रांग दिसते: शेजारची टार्गेटं, खालचे नंबर, वाऱ्याची निशाणं. आणि दुर्बिणीत? काळं एवढं फुगतं की दुसरं काही मावतच नाही. आणि काळी सगळी सारखीच असतात, पोरी. नंबर बाहेर राहतो. दुर्बिणी आल्या त्या वर्षापासून माझ्या टार्गेटात परकी भोकं पडायला लागली. शेजाऱ्याच्या ताटात जेवून उठायचं आणि वर ढेकर द्यायची!

माशी परत बसव. निवड कधी आहे ते कळव.

आजी

६ सप्टेंबर

आजी, नमस्कार.

रागावलीस, ते बरोबर आहे. सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू हेच पत्र महिनाभर आधी लिहिलं असतंस, म्हणून टाळलं.

पण आता माझंही ऐक. उन्हात जमिनीवरून हवा उकळते ना, ती दुर्बिणीत वाहताना दिसते. वारा कुठून आणि किती, ते निशाण हलायच्या आधी कळतं. लोखंडात ती हवा दिसतच नाही, काळं थरथरतं आणि वाटतं आपलाच हात हलला. शिवाय लोखंडात डोळा माशीवर धरून ठेवावा लागतो. मी दिवसभर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पाइपांचे नकाशे काढते, केसाएवढ्या रेघा. रविवारी त्या डोळ्यांना माशी पण दिसायची आणि माशीची जुळी बहीण पण. दुर्बिणीत खूण आणि काळं एकाच जागी, लख्ख. माझी दहा भोकं आधी बशीत मावायची, आता वाटीत मावतात. हे मी म्हणत नाही, कागद म्हणतो.

संघातली पाच माणसं ठरली. सहाव्या जागेसाठी आम्ही दोघं उरलोय, मी आणि घड्याळवाले काका. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, वय छप्पन, अजून लोखंडावर. आमचे प्रशिक्षक म्हणतात लोखंडाचे दिवस संपले. आम्ही त्यांना शिट्टीसाहेब म्हणतो, गळ्यातली शिट्टी ते अंघोळीलाही काढत नसावेत. निवडीची मॅच रविवारी दहा तारखेला.

आजोबांची माशी आणि छिद्र लोकरीच्या मोज्यात घालून ट्रंकेत ठेवलंय. फेकलं नाही. त्यांचे डोळे गेले म्हणून त्यांनी रायफल सोडली ना? त्यांना दुर्बीण मिळाली असती तर सोडावी लागली नसती. याचा विचार कर.

तुझी नात

८ सप्टेंबर

वाटीत मावतात म्हणे. कुणाच्या वाटीत ते बघत जा.

हवेचं म्हणतेस ते खरं असेल. मी कधी दुर्बिणीतून बघितलं नाही, त्यामुळे ती वाहते का उकळते त्यावर तोंड उघडत नाही. तुझ्या डोळ्यांचं म्हणतेस तेही धरलं. तुझा हट्ट आहे तर मार दुर्बिणीनं. पण एक कर. प्रत्येक गोळीआधी रायफल जरा खाली घे आणि नंबर वाच. ओठ हलवून वाच. लोक हसले तर हसू देत, हसणाऱ्यांच्या गोळ्या मी मोजलेल्या आहेत.

घड्याळवाल्याला मी ओळखते. म्हणजे त्याची भोकं ओळखते. जरा उजवीकडे, जरा खाली, पण सगळी एका जागी. हट्टी माणूस आहे आणि सरळ आहे.

आणि आजोबांच्या डोळ्यांचा विषय काढू नकोस.

पत्र रविवारच्या आत पोचेल का माहीत नाही. टपाल पेटीत टाकायला मी स्वतः जातेय, तुझी आई पर्समध्ये घालून विसरते.

आजी

१२ सप्टेंबर

आजी, माझी निवड झाली. दोन गुणांनी. आईलाही सांग.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. एक दिवस उशिरा.

दोन ऑक्टोबरला निघायचं आहे. शिट्टीसाहेबांनी माझं आठशे मीटरचं टार्गेट आठवण म्हणून सोडवून दिलंय, चौकटीला चिकटवलेला अख्खा कागद. गुंडाळी करून खाटेखाली ठेवलाय. खाट दोनदा हलवली, खिडकीशी नेली, परत भिंतीशी आणली. खोलीत कुठेच धड बसत नाही. ऑफिसात एक नकाशा शाई करून झाल्यावर कळलं की पाइप रस्त्याच्या चुकीच्या बाजूला काढलाय.

बाकी ठीक. बरं आजी, गोळी आधीच्या भोकातून जाऊ शकते का? म्हणजे नवं भोक न पडता? असंच विचारते.

तुझी नात

१५ सप्टेंबर

निवड झाली, चांगलं झालं. तुझ्या आईनं गल्लीत सांगून टाकलं, आता येणारा प्रत्येक माणूस मला ओरडून अभिनंदन करतो आणि मला फक्त त्याचे दात दिसतात.

पत्र मात्र तीनदा वाचलं. निवड झालेल्या माणसाचं पत्र असं नसतं. तुझा बाप सायकलच्या शर्यतीत तिसरा आला तेव्हा त्यानं चार पानं लिहिली होती, त्यात पंक्चरच दीड पान होतं. तू खाट कुठं सरकवली ते लिहितेस.

"असंच विचारते" म्हणणारं माणूस कधीच असंच विचारत नाही. तरी उत्तर देते, कारण हे मला येतं आणि दुसरं फारसं काही येत नाही.

जुन्या भोकांवर ठिगळ असतं. ठिगळावर गोळी आली की ठिगळ फाटतं, नवं भोक दिसतं. उघडं असतं ते फक्त शेवटचं भोक, आणि त्यात चकती खोचलेली असते. त्याच भोकातून दुसरी गोळी जायची तर चकतीतून जाणार. चकती फुटते. तिचे तुकडे खड्ड्यात पडतात, आणि आम्ही शिव्या घालत दुसरी आणतो. सव्वीस वर्षांत माझ्या अकरा चकत्या फुटल्या, अकराही मला आठवतात. चकती न फुटता गोळी त्याच भोकातून गेली, असं सांगणाऱ्यानं एकतर खड्डा बघितला नाही, नाहीतर त्याला काहीतरी झाकायचं आहे.

चकती फुटली का?

आजी

१८ सप्टेंबर

आजी, नमस्कार.

इकडे खूप गडबड आहे. संघाचे कोट शिवायला दिलेत, माझ्या बाह्या लांब झाल्या. कागदपत्रं, फोटो, डॉक्टरची तपासणी. डॉक्टर म्हणाले नाडी जोरात चालतेय, मी म्हटलं जिना चढून आले. त्यांचा दवाखाना तळमजल्यावर आहे.

तू विचारतेस म्हणून सांगते. विशेष काही नाही. मी सात नंबरवर होते, काका आठवर. आठव्या गोळीला आम्ही दोघांनी एकदमच मारली. मी मारायच्या आधी मान उचलून निशाणं बघितली होती, कारण दुर्बिणीत ती येत नाहीत. परत गाल टेकवला, काळं समोर होतं, हवा थांबली होती, मारली. फार सुंदर गेली, आजी. सुटतानाच कळतं ना काही गोळ्यांचं.

मग खड्ड्यातून फोन आला. सातवर काही नाही. आठवर दोन भोकं आहेत. शिट्टीसाहेबांनी निकाल दिला की आठवरचं दुसरं भोक जुनंच असणार, ठिगळ मारायचं राहिलं असेल. आणि माझं काळं मधोमध एवढं खाल्लेलं होतं की गोळी आधीच्या भोकातून गेली असं धरायचं. मला पैकीच्या पैकी पाच दिले. तेच पंच होते. माझ्या हातात काय होतं?

मी सध्या खूप सराव करतेय. नंबर ओठ हलवून वाचते, तू म्हणालीस तसा.

तुझी नात

ता.क. खड्ड्यातल्या आठ नंबरच्या मार्करबाईला कामावरून काढलं म्हणे. ठिगळ विसरली म्हणून. नऊ वर्षं त्या कामावर होती.

२० सप्टेंबर

ता.क.मध्ये घातलीस तिला! माणूस घालवला आणि सहीच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात!

आज तुला आशीर्वाद नाही. नंतर बघू.

मी पत्र वाचलं आणि अंगणात गेले, परत आत आले, परत गेले. तुझी आई म्हणाली, "काय हरवलंय?" म्हटलं, तुझी मुलगी. ती रडायला लागली, तिला वाटलं अपघात झाला. तिला समजावण्यात अर्धा दिवस गेला, तो पण तुझ्या नावावर लिही.

ठिगळ विसरली म्हणे. अगं, खड्ड्यात ठिगळ विसरता येत नाही. हात आपोआप जातो. मी तुझ्या बापाच्या फाटक्या वहीला झोपेत ठिगळ लावलंय. आणि नऊ वर्षं केलेली बाई नेमकं त्याच गोळीला विसरली, जी गोळी शेजारी सापडत नाही? शिट्टीसाहेबाला त्याच्या दुर्बिणीचं माणूस संघात हवं होतं. त्याचं मला कळतं. तुझं कळत नाही.

तू पानभर लिहिलंस. बाह्या लिहिल्या, नाडी लिहिली. मी एकच विचारलं होतं, ते लिहिलं नाहीस. चकती फुटली का?

उत्तर देता येत नसेल तर देऊ नकोस. तो खाटेखालचा कागद पाठव. कागदाला बाह्या नसतात.

आजी

२२ सप्टेंबर

आजी,

कागद पाठवलाय, पत्र्याच्या नळकांड्यात. दोन गोळ्या अंदाजाच्या, दहा मोजायच्या. मोजून कळव.

२५ सप्टेंबर

नळकांडं आलं. टपालवाल्यानं विचारलं आत काय आहे, म्हटलं नातीची पत्रिका.

तुझ्या आईला बाजारात पाठवलं आणि कागद जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांना चार वाट्या. आधी पालथा केला. मागून बोटानं मोजतात, डोळ्यांनी नाही. गोळी कागद मागे फाडून जाते, ठिगळाखालीही ती कड बोटाला लागते. मी तीन वेळा मोजलं. दहा ठिगळं आणि शेवटचं एक उघडं भोक. अकरा. बारा हवीत.

पण तुला हे माहीत होतं. कागदाच्या मागे पेन्सिलीचे बारीक ठिपके आहेत, प्रत्येक भोकाशेजारी एक. तू मोजून मग पाठवलंस. शहाणी आहेस. तोंडानं सांगवेना म्हणून कागदाच्या तोंडी दिलंस. बरं केलंस, नाहीतर मी उद्या एसटीत बसले असते, आणि मला बस लागते.

आता पेन्सिलीचा विषय निघालाच आहे तर ऐक. हे तुझ्या आईला माहीत नाही, तुझ्या बापाला माहीत नव्हतं.

पेन्सिल आणि गोळी जाडीला जवळपास सारखीच. खड्ड्यात प्रत्येकाच्या कानामागे पेन्सिल असते. एका मोठ्या मॅचला तुझ्या आजोबांचं टार्गेट माझ्याकडे आलं. त्यांना माहीत नव्हतं, आम्हाला कोणाखाली कोण ते सांगत नाहीत, पण मला त्यांची भोकं ओळखू येत होती. नवव्या गोळीला कागदावर काही नाही. बांधाची माती उडालेली मी बघितली होती. गोळी खाली गेली होती. मी कानामागची पेन्सिल काढली आणि काळ्यात खुपसली. चकती लावली. वर केलं.

मला त्यांची दया आली असं समजू नकोस. हरले असते तर घरी येऊन आठवडाभर भांडी आपटली असती, तेवढ्यासाठी केलं. ते पहिले आले. एक शिंपी दुसरा आला.

त्यांनी कागद आठवण म्हणून घरी आणला, तुझ्यासारखाच. उजेडात धरला. गोळीच्या भोकाची कड काळपट असते आणि पुसून जात नाही. पेन्सिलीची कड चमकते. त्यांनी त्या भोकावर अंगठा फिरवला, अंगठा चमकला. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी रायफल तेल लावून ठेवून दिली. लोकांना सांगितलं, डोळे गेले. डोळे शेवटपर्यंत सुईत दोरा ओवण्याइतके होते.

त्यानंतर बावीस वर्षं आम्ही त्या एका भोकाभोवती जेवलो. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. शिंप्याकडे कपडे टाकायला मात्र मलाच जावं लागायचं. तो माप घेताना म्हणायचा, "तुमच्या यजमानांचा हात काय होता!" आणि मी हात वर करून उभी.

मला तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं. तुला मी आहे. म्हणून शेवटचं विचारते, आणि या वेळी एका शब्दात लिही.

आजी

२८ सप्टेंबर

नाही. चकती फुटली नाही.

आजी, मारल्यावर मी डोळा दुर्बिणीतच ठेवला होता. रायफल जराशी खाली घसरली आणि खालच्या कडेला नंबराचा वरचा अर्धा भाग आला. इंग्रजी सातचं डोकं आडवं असतं. हे गोल होतं. खड्ड्यातून फोन यायच्या आधी मला कळलं होतं. शिट्टीसाहेबांनी विचारलं, "सातच ना?" मी म्हणाले, "सात." एवढा एकच शब्द बोलले. तो त्या दिवसापासून माझ्याबरोबर ऑफिसात येतो, परत येतो.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. ऑफिसात रजा टाकली आणि गेले. शिट्टीसाहेब म्हणाले, "मोजण्याचं वेड लागलंय तुला. बॅग भर." मग मी वरच्या समितीकडे लेखी दिलं. कागद तुझ्याकडे आहे हेही लिहिलं. संघ निघायची घाई, म्हणून त्याच संध्याकाळी निकाल आला. माझी जागा काकांना, आणि मला वर्षभर रेंजवर पाय ठेवायचा नाही. शिट्टीसाहेबांना फक्त समज.

काकांच्या दुकानात जाऊन सांगितलं. डोळ्याला भिंग लावून ते कुणाचं तरी घड्याळ उघडत होते. भिंग न काढताच म्हणाले, "कितव्या गोळीला?" मी म्हटलं आठव्या. "वाटलंच मला. माझी तेवढी चांगली गेलीच नव्हती. वर मोजली मात्र चांगली, दोनातली वरचढ धरायचा नियम आहे. मग मीही गप्पच बसलो की." मग घड्याळाचं झाकण बसवलं. शेवटी म्हणाले, "दुर्बिणीची ताकद जरा कमी कर. काळं लहान दिसेल पण नंबर येईल आत." मला रडूच आलं, आजी. बाकी कुणी दुर्बिणीबद्दल एवढं सरळ बोललं नव्हतं.

पण मार्करबाईचं काही झालं नाही. तिच्या नोकरीच्या कागदावर "नजर कमी" असा शेरा आहे. समिती म्हणते, तिनं स्वतः लेखी द्यावं, भोक कुठं होतं, ताजं कसं ओळखलं, मग शेरा काढू आणि परत घेऊ. मी तिच्या घरी गेले. ती दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. तिनं इस्त्री थांबवली नाही. म्हणाली, "दोन होती. मी दोनच सांगितली. आता कागदावर लिहून ती तीन होणार आहेत का?" आणि दार लोटलं. दुसऱ्यांदा गेले तर दार उघडलंच नाही.

मी काय करू? संघ सोमवारी निघतोय. मला त्याचं वाटेल असं वाटलं होतं, तेवढं वाटत नाही. पण पाय थांबत नाहीत. दिवसातून चारदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाते आणि परत येते.

तुझी नात

३० सप्टेंबर

आशीर्वाद. मागचा राहिलेला पण यातच धर.

शाबासकी देत नाही. आठ तारखेचं पत्र सोमवारी मिळालं याचा दोष टपालाचा, "सात" म्हणालीस याचा दोष तुझा, आणि कबूल केलंस ते तुझं कर्तव्य. हिशेब संपला. वर्षभर रेंज बंद तर बंद. ट्रंकेतला मोजा काढ, आजोबांचं छिद्र तेल लावून ठेव. वर्षानं लोखंड लावायचं का दुर्बीण ते तू ठरव, मी तोंड घालणार नाही. दुर्बिणीनं तुला दाखवायचं ते दाखवलं. नंबराचं गोल डोकं तिच्यातच दिसलं ना?

तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येतेस, त्यानं तिला काय मिळतं? चपला झिजतात. दार उघडत नाही कारण तू माफी घेऊन जातेस. माफी घेऊन आलेल्या माणसाला बसवावं लागतं, पाणी द्यावं लागतं, वर समजूत पण घालावी लागते. तिला इस्त्रीचं काम आहे. या वेळी माफी घरी ठेव. हे पत्र आणि सोबतची कागदाची गुंडाळी घेऊन जा. दार उघडलं नाही तर बाहेरून मोठ्यानं वाच. पुढचं तिच्यासाठी आहे.

बाई, मी या मुलीची आजी. खड्ड्यात सव्वीस वर्षं होते, चार आणि पाच नंबरवर, तुमच्या बऱ्याच आधी. आमच्या वेळी खळीत मोरचूद घालायचो, मुंग्या लागत नाहीत; आता काय घालतात? तुमच्या शेजारच्या सात नंबरचा कागद मी मोजला. अकरा आहेत. त्याचं बारावं तुमच्या कागदावर होतं. तुम्हाला कुणी विचारलं नाही ते मी विचारते. दुसरं भोक कुठं होतं? काळ्यात, घड्याळाच्या किती वाजता? ठिगळ ओलं होतं का तुमच्या हातात, तेव्हाच? कुठल्या बोटानं लावता? मी करंगळीनं लावायची, लोक हसायचे. लिहिल्यानं दोनाची तीन होत नाहीत, बरोबर आहे. पण तुमच्या कागदावर "नजर कमी" लिहिलंय, आणि तुमची नजर त्या दिवशी रेंजवरच्या सगळ्यांहून चांगली होती. ते खोटं तुमच्या नावावर राहू देऊ नका. मी माझ्या नावावर एक राहू दिलंय, फार जड जातं.

पोरी, तिला लिहिता येत नसेल तर तू लिहून घे. पण शब्द तिचे. तुझं एकही वाक्य मधे घालू नकोस, शुद्धलेखन सुधारू नकोस, "आदरणीय" वगैरे चिकटवू नकोस. ती शिव्या देईल तर शिव्या पण लिही, गाळू नकोस. एक प्रत समितीला, एक मला. खाली अंगठा किंवा सही, तिची.

या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. तिनं द्यायचं.

आजी